अलास्का क्रूझ: मे अखेर की ऑगस्ट? बर्फ नक्की कधी बघायला मिळतो?

सुरसागरकाठी

नमस्कार मंडळी, बडोद्यातून विचारतेय. इथे कोणी अलास्काची क्रूझ करून आलं असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा. मुलगा सिएटलला असतो, आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ७६, चालतात व्यवस्थित पण जिने फार नकोत) त्याच्याकडे जाणार आहोत आणि तो म्हणतोय एवढं लांब येताच आहात तर सात दिवसांची क्रूझ करूनच टाकू, आणि त्याला जोडून वर फेअरबँक्सला नदीतली मोठ्या चाकाची बोट असते तीपण. त्याला सुट्टी मे चा शेवटचा आठवडा नाहीतर ऑगस्टचा दुसरा आठवडा, दोनच पर्याय आहेत.

आता गोंधळ असा आहे की अलकापुरीतला एक एजंट म्हणतो मे मध्येच जा, तेव्हा समुद्रात भरपूर बर्फ असतो, ऑगस्टपर्यंत सगळा वितळतो मग नुसते डोंगर बघत बसा. आणि आमचे दीर म्हणतात मे मध्ये बर्फात बोट अडकते, कॅप्टन अर्ध्यातून परत फिरवतो, पैसे पाण्यात. दोघंही इतक्या ठामपणे बोलतात ने की काय खरं मानायचं कळत नाही. दोघांपैकी गेलेलं कोणीच नाही हे वेगळं.

सासूबाईंची एकच मागणी आहे, बर्फाचा कडा पाण्यात कोसळताना बघायचाय, टीव्हीवर बघितल्यापासून त्यांच्या डोक्यात बसलंय ते. मला विचाराल तर बडोद्याचा मे चुकवून कुठेही जायला मी एका पायावर तयार आहे. पण म्हातारं माणूस घेऊन जायचं तर नीट विचारून जाऊ म्हटलं. केबिन कुठल्या बाजूची घ्यावी तेपण सांगा.

फतेगंजचा फिरस्ता

ताई, एजंट आणि तुमचे दीर दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलतायत, फक्त चुकीची अर्धी जोडून मोकळे झालेत.

आधी अडकण्याचं बघू. क्रूझ ज्या पट्ट्यातून जाते, म्हणजे केचिकन, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, तिथला समुद्र ऐन हिवाळ्यातही गोठत नाही. पॅसिफिकचा त्यातल्या त्यात कोमट प्रवाह किनाऱ्याला धरून वर जातो आणि खारं पाणी गोठायला तापमान उणे १.८ च्या आसपास जावं लागतं, फार तर खाडीच्या पार टोकाला जिथे गोडं पाणी वर तरंगतं तिथे थंडीत पापुद्रा धरतो, बस. गोठतो तो बेरिंग समुद्र, नोमच्या बाजूचा, तिकडे तुमची बोट फिरकतसुद्धा नाही. तेव्हा दिरांना सांगा, अडकायची चिंता सोडा.

पाण्यात जो बर्फ दिसतो तो सगळा ग्लेशियरमधून (म्हणजे हिमनदीतून) तुटून पडलेला असतो, डोंगरावर वर्षानुवर्षं पडलेला हिम दाबून दाबून झालेला, म्हणजे चवीला गोडा. आणि इथे एजंटची गडबड होते. मे मध्ये पाण्यात तुकडे जास्त असतात हे खरं आहे, पाणी थंड असतं त्यामुळे ते लवकर विरघळत नाहीत आणि अरुंद फिओर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीत, साचून राहतात, पण तुकडे जास्त म्हणजे बोट तेवढी लांब थांबणार! जहाजाचं पोलाद जाड असलं तरी ते काही बर्फ फोडत जाणारं आइसब्रेकर नव्हे, आणि तरंगणाऱ्या बर्फाचा बराचसा भाग पाण्याखाली असतो त्यामुळे वर फ्रिजएवढा दिसणारा तुकडा खाली केवढा असेल सांगता येत नाही. मग कॅप्टन तीन-चार मैलांवरूनच दाखवतो आणि वळतो. ऑगस्टमध्ये तोच फिओर्ड बऱ्यापैकी मोकळा असतो, बोट कड्याच्या बरीच जवळ जाते. आणि कडा ऑगस्टमध्ये वितळून संपलेला वगैरे काही नसतो, तो तिथेच असतो, उलट पाणी गरम आणि वरून पाऊस, कडा खालून खाल्ला जातो आणि धडाधड पडतो.

तर सासूबाईंची मागणी लक्षात घेतली तर माझं मत ऑगस्ट. मे मध्ये बर्फ जास्त आणि कडा लांब, ऑगस्टमध्ये बर्फ कमी आणि कडा जवळ, एवढाच हिशोब आहे.

कोसळताना एक सांगून ठेवा त्यांना: आधी दिसतं, आवाज मागून येतो. बोट अर्ध्या किलोमीटरवर असली तर सेकंद-दीड सेकंदाचा फरक पडतो, त्यामुळे "आवाज आला, कुठे पडलं?" करत मान वळवणारे सगळे हुकतात. तासभर एकाच जागी नजर लावून बसावं लागतं, आधी बारीक बारीक चुरा गळायला लागतो त्या जागेवर डोळा ठेवायचा. आणि तुटलेली ताजी बाजू निळीशार दिसते, फोटोत फिल्टर मारल्यासारखी, कारण दाबलेल्या बर्फात हवेचे बुडबुडे फार कमी उरतात, आत गेलेल्या उजेडातला लाल भाग शोषला जातो आणि निळा तेवढा बाहेर येतो. ढगाळ दिवशी हा निळा जास्त खुलतो, म्हणून ऊन नाही म्हणून हिरमुसू नका.

मांजलपूरची माई

फिरस्तेसाहेबांचं बर्फाचं गणित मान्य पण मी मे वाली आहे, ठामपणे. लोक ग्लेशियर ग्लेशियर करतात, सात दिवसांत ग्लेशियरसमोर तुम्ही असता किती वेळ, एक सकाळ नाहीतर फार तर दोन. बाकी सगळा वेळ तुम्ही बेटांच्या मधून चाललेले असता आणि तेव्हा मे मध्ये डोंगर अर्ध्यापर्यंत पांढरे असतात, खाली गर्द हिरवी झाडी, त्याखाली काळं पाणी. ऑगस्टमध्ये ते पांढरं बरंच वर सरकलेलं असतं आणि अर्धा वेळ ढगात. दुसरं म्हणजे पाऊस. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो हो, आपल्या बडोद्याच्या तिप्पट-चौपट! त्यातल्या त्यात कोरडे महिने मे-जून, ऑगस्टपासून जोर धरतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर विचारू नका. म्हाताऱ्या माणसाला ओल्या डेकवर उभं करणार का?

मे अखेरीला दिवसही मोठा असतो, रात्रीचं जेवण झाल्यावर डेकवर या तरी उजेड. जून अखेरीला जुनोला अठरा तासांच्या वर दिवस असतो. हां, व्हेल मात्र जून ते ऑगस्टमध्ये जास्त आणि सामन मासे नदीत चढताना बघायचे आणि त्यामागे आलेली अस्वलं, तर जुलै-ऑगस्टच. तेवढं मी कबूल करते.

कलाभवन मेकॅनिकल

दोघांचंही बरोबर पण तिकिटावर नक्की कुठला ग्लेशियर लिहिलाय ते आधी बघा, सगळे एका माळेचे मणी नाहीत. महिन्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो असं माझं मत.

ग्लेशियर बे असेल तर डोळे मिटून घ्या. नॅशनल पार्क आहे, दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात, सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजावर चढतात (शिडीने! तेपण बघण्यासारखं असतं) आणि दिवसभर माइकवर माहिती देतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा खाडी म्हणायला जेमतेम पाचेक मैलांचा खोबणा होता, पुढे सगळी बर्फाची भिंत. १८७९ ला निसर्गअभ्यासक जॉन म्यूर होडीतून गेला तेव्हा ती चाळीस मैलांहून जास्त मागे हटली होती, आणि आज टोकापर्यंत ६५ मैल आत जावं लागतं, म्हणजे आपल्याकडे बडोद्याला उभं राहून बघितलं असतं ती भिंत आता अहमदाबादला गेलीय असं समजा. टोकाला मार्जरी ग्लेशियर, रुंदी मैलभर, पाण्यावर अडीचशे फूट उभा आणि खाली आणखी शंभरेक फूट. त्याच्या शेजारीच ग्रँड पॅसिफिक आहे तो दगडमातीने इतका झाकलाय की लोकांना कळतच नाही हापण बर्फच आहे, रेंजरने दाखवल्यावर सगळे "अरेच्चा" करतात. तिथलं आणखी एक आर्म (खाडीचा फाटा) आहे, जॉन्स हॉपकिन्स, पण सील माद्या बर्फाच्या तुकड्यांवर पिल्लं घालतात म्हणून मोठ्या क्रूझना ३१ ऑगस्टपर्यंत तिथे बंदी असते. त्यामुळे मे काय ऑगस्ट काय, तो तुम्हाला दिसायचा नाही.

हबर्ड ग्लेशियर असेल तर गोष्ट उलटी. सगळे ग्लेशियर मागे चाललेत आणि हा पठ्ठ्या शंभर वर्षांहून जास्त काळ पुढे सरकतोय. समोरचा कडा सहा मैल रुंद. १९८६ आणि २००२ मध्ये पुढे सरकून त्याने बाजूच्या रसेल फिओर्डचं तोंडच बंद केलं होतं, आतलं पाणी चढत गेलं आणि मग बांध फुटला. हबर्डसमोर तुकड्यांचा खच फार असतो, तिथे फिरस्तेसाहेब म्हणतात ते शंभर टक्के लागू: मे मध्ये लांबूनच राम राम.

ट्रेसी आर्म लिहिलं असेल तर मात्र कंपनीला विचारा. १० ऑगस्ट २०२५ ला पहाटे तिथे साउथ सॉयर ग्लेशियरजवळ डोंगराचा केवढा तरी भाग खाडीत कोसळला आणि सुनामीसारखी लाट उसळली. नशिबाने तेव्हा आत मोठी बोट नव्हती. बर्फ मागे गेला की ज्या कड्यांना त्याचा टेकू होता ते सुटे पडतात, कारण एवढंच. तिथे जाणार का बाजूच्या एंडिकॉट आर्ममध्ये नेणार ते लेखी घ्या. आणि ऑगस्टमध्ये जुनोला मेंडेनहॉल ग्लेशियरचा कार्यक्रम असेल तर जायच्या आधी बातम्या बघा, २०२३, २०२४, २०२५ लागोपाठ तिन्ही वर्षी ऑगस्टमध्येच वर साठलेलं पाणी बर्फाखालून सुटून नदीला पूर आला होता.

अवांतर: स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे चुकवू नका, सोन्याच्या धावपळीत १८९८ ला बांधायला घेतली, १९०० ला पूर्ण. गेज तीन फूट. आपल्या डभोईची अडीच फुटी होती, आणि ती १८६२ ची, तेव्हा बैल ओढायचे! तिथला गाइड "जुनी जुनी" म्हणून फार मिरवायला लागला की हे ऐकवा त्याला. मी ऐकवलंय.

रावपुरा रिटायर्ड

ताई, एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तुम्ही म्हणता सिएटलहून क्रूझ आणि त्याला जोडून फेअरबँक्स. सिएटलची बोट गोल फिरून परत सिएटललाच येते, फेअरबँक्स राहतं पार वर, जमिनीच्या मध्यात. नदी करायची असेल तर एकमार्गी क्रूझ घ्या, कॅनडात व्हँकुव्हरला चढायचं आणि व्हिटियर किंवा सूअर्डला उतरायचं, तिथून रेल्वेने डेनाली नॅशनल पार्क करत फेअरबँक्स आणि मग विमानाने परत. याचा आणखी फायदा असा की व्हँकुव्हरहून निघणारी बोट बेटांच्या आडोशाने जाते, पाणी तळ्यासारखं. सिएटलवाल्या बऱ्याच बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात, तिथे हेलकावे बसतात. सासूबाईंना गाडी लागत असेल तर हे फार महत्त्वाचं.

फेअरबँक्सच्या बोटीचं म्हणाल तर चेना नदीतून जाते आणि पुढे टनाना नदीच्या संगमावरून वळते. संगमाचा भाग बघण्यासारखा, चेना काळपट स्वच्छ आणि टनाना ग्लेशियरची पूड घेऊन आलेली, करडी, सिमेंट कालवल्यासारखी, दोन्ही पाणी बरंच अंतर शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. आपल्याकडे चाणोदला नर्मदेत ओरसंग मिळते तिथे पावसाळ्यात बघितलं असेल तर अंदाज येईल. तीन तासांचा फेरा, बसूनच सगळं, जिना न चढताही चालतं.

आता नदीतल्या बर्फाचं. समुद्राला जे लागू ते नदीला अजिबात लागू नाही हं, नदी तिथे ठार गोठते, हिवाळ्यात वरून गाड्या जातात. फुटते कधी यावर तर ते लोक पैसे लावतात! नेनाना म्हणून गाव आहे टनानाच्या काठी, १९१७ ला रेल्वेच्या इंजिनियर लोकांनी वेळ जाईना म्हणून सुरू केलं आणि अजून चालू आहे. गोठलेल्या नदीत लाकडी तिकाटणं उभं करतात, त्याची तार काठावरच्या घड्याळाला, बर्फ फुटून तिकाटणं सरकलं की तार ओढली जाते आणि घड्याळ बंद. त्या मिनिटाच्या जवळचा आकडा ज्याचा त्याला पैसे. सगळ्यात लवकर फुटली ती २०१९ ला, १४ एप्रिलला, आणि उशिरात उशिरा २० मे. म्हणजे तुमच्या मे अखेरच्या तारखेला नदी मोकळी झालेलीच असणार, पण काठावर अजून करडे ढीग आणि उघडी झाडं असू शकतात. ऑगस्टच्या मध्याला सगळं हिरवं, डासही जून-जुलैपेक्षा कमी, आणि रात्री पुन्हा अंधार पडायला लागतो त्यामुळे नशीब असलं तर अरोरासुद्धा (रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशाचे पट्टे). मे-जूनमध्ये आकाश काळं होतच नाही तर अरोरा दिसणार कुठून.

नदी जमेला धरली तर ऑगस्ट, माईंची माफी मागून.

मांजलपूरची माई

माफी कसली, नदीचं मला माहीत नव्हतं, तेवढ्यापुरतं ऑगस्ट ठीक. रेनकोट मात्र चांगला घ्या, छत्री नाही, डेकवर छत्री उलटी होते.

सुरसागरकाठी

बापरे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं आम्हाला. एजंटला आज विचारलं एकमार्गी आहे का तर म्हणाला "बेन, बधुं एकनुं एक छे", म्हणजे सगळं सारखंच. आता काय बोलणार.

ऑगस्टकडे झुकतोय आम्ही, व्हँकुव्हर ते व्हिटियर, ग्लेशियर बे वाली. दोन-तीन शंका राहिल्या. अमेरिकेचा व्हिसा आहे तिघांकडे, व्हँकुव्हरला चढायचं तर कॅनडाचा वेगळा लागेल ना? मुलगा म्हणतो सिएटलहून घेतली असती तर लागला नसता. आणि केबिनची बाजू कोणी सांगितलीच नाही. आणि सासूबाई किती वेळ थंडीत उभ्या राहणार?

फतेगंजचा फिरस्ता

व्हिसा: सिएटलहून घेतली असती तरी लागलाच असता, मुलाला सांगा. अमेरिकेचा १८८६ चा जुना कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरात माणसं घेऊन मध्ये परदेशी बंदर न करता तिथेच उतरवता येत नाही, आणि बहुतेक क्रूझ जहाजांवर झेंडा परदेशीच असतो. म्हणून सिएटलवाल्या बोटी कॅनडात व्हिक्टोरियासारख्या बंदराला काही तासांसाठी का होईना टेकतातच, कधी रात्री आठला पोचून बाराला निघतात, तेवढ्यासाठी तुम्हाला कॅनडाचा व्हिसा हवा. उतरायचं नाही म्हटलं तरी कंपनी चढतानाच पासपोर्टवर बघते. आत्ताच अर्ज टाका, कॅनडाला कधी किती वेळ लागेल नेम नाही.

बाजू: वर जाणाऱ्या बोटीत लोक उजवी बाजू घ्या म्हणतात, शेवटच्या टप्प्यात मुख्य किनारा त्या हाताला राहतो म्हणून. पण बेटांच्या मधून जाताना दोन्हीकडे डोंगरच आहेत आणि ग्लेशियरसमोर जहाज जागच्या जागी सावकाश गोल फिरवतात, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. त्यापेक्षा बाल्कनी घ्या. सासूबाई आत खुर्चीत, दार उघडं, पायावर शाल, वाटलं तर बाहेर दोन पावलं.

कलाभवन मेकॅनिकल

बाल्कनीला दुजोरा, पण मार्जरीसमोर निदान थोडा वेळ तरी वर न्या त्यांना, पुढच्या बाजूला काचेआड बसायची जागा असते, लिफ्टने जाता येतं. सकाळी रेंजर चढले की लगेच जाऊन खुर्ची धरा, नाश्त्याच्या नादाला लागलात तर संपलं, सगळं जहाज एकदम वर येतं. ग्लेशियरवरून थंड वारा खाली घसरत येतो त्यामुळे केचिकनला स्वेटरवर भागलं म्हणून इथे भागेल असं नाही, आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, आणि हातमोजे असे की फोन चालवता येईल. दुर्बीण एक नको, दोन घ्या. एकच असली की ती नेमकी मुलाच्या नाहीतर मिस्टरांच्या गळ्यात असते आणि कडा पडतो तेव्हा ते सील शोधत असतात.

रावपुरा रिटायर्ड

आणि भाकरवडी न्यायला हरकत नाही, सीलबंद पाकीट असू द्या. फळं मात्र बोटीवरून खाली बंदरावर नेऊ नका, तिथे कुत्रा घेऊन उभे असतात.

सुरसागरकाठी

सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं. म्हणाल्या दुर्बीण तिसरी घ्या.